मुलींचं अक्षर छान असतं, रिपोर्ट तूच लिही

बारातेरा | रविवार, रात्री १०:४०

लेक मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बाहाच्या टीममध्ये निवड झाली तेव्हा घरात पेढे आणले होते. बाहा म्हणजे मुलांनी स्वतः एक बसकी, उघडी, दगडधोंड्यांतून जाणारी गाडी डिझाइन करायची, पाइप कापण्यापासून सगळं करून बांधायची आणि स्पर्धेत पळवायची. काल ती चार दिवसांसाठी घरी आली. विचारलं, काय करतेस तिथे?

"कॉस्ट रिपोर्ट."

आणखी?

"पीपीटी. स्पॉन्सरना मेल."

गाडीला हात लावलास की नाही?

"गाडीबरोबर फोटो आहे ना."

मी तिची नखं बघितली. ग्रीसचा कण नाही. रिपोर्टचं काम तू मागून घेतलंस का, तर म्हणाली, "नाही गं. पहिल्याच मीटिंगला कॅप्टन म्हणाला, मुलींचं अक्षर छान असतं, रिपोर्ट तूच लिही. टाइप करायचाय आई, अक्षराचा काय संबंध!" आम्ही दोघी खूप हसलो. रात्री मला झोप येईना.

मी ९७ची पासआउट, मेकॅनिकलच. वर्गात आम्ही चार मुली. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब आठवतोय? एमएसचे (साध्या पोलादाचे) दोन तुकडे, एकाला व्ही खाच, दुसऱ्याला व्ही टोक, दोन्ही एकमेकांत असे बसले पाहिजेत की उजेडाला धरलं तर फट दिसता कामा नये. (त्या जॉबचं नाव आणि त्यावरचे विनोद सगळ्यांना माहीत आहेत, इथे नकोत.) मी फाइल (कानस) मारत होते, तर वर्कशॉपचे मामा आले आणि म्हणाले, "दे इकडं पोरी, हाताला फोड येतील." वीस मिनिटांत त्यांनी जॉब संपवून हातात दिला. मला दहापैकी नऊ. शेजारच्या व्हाइसवर ज्याचा जॉब तिरका झाला होता त्याला मामांनी शिव्या घातल्या, तुकडा भंगारात टाकला आणि नवा दिला. त्याला पाच मार्क आणि तळहाताला दोन फोड. पण फाइल कशी धरायची ते त्याला कळलं, मला नाही.

पुढे भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात लागले. दुसऱ्याच दिवशी साहेब म्हणाले, लेथच्या फोर जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) जॉब डायल लावून सेंटर कर. पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर होतं. हात मात्र चकची चावी उलटीकडे फिरवत होता. लेथचा ऑपरेटर अगदी मायेने म्हणाला, "राहू द्या मॅडम. मुलींना प्रॅक्टिकल जमत नाही, तुमचा काय दोष?" वाईट याचं वाटलं की त्या दिवशी तो खोटं बोलत नव्हता.

मामा दुष्ट नव्हते, लेकीचा कॅप्टनही नसणार. पण चार वर्षं हातातून फाइल काढून घ्यायची आणि पाचव्या वर्षी म्हणायचं, बघा, यांना फाइल धरता येत नाही!

तुमच्या कॉलेजात काय होतं? आणि मी लेकीला नक्की काय सांगू? टीम सोड असं काही म्हणवत नाही.

खडूचं_बोट | रविवार, रात्री ११:२५

पंचवीस वर्षं शिकवतोय, म्हणून कबुलीजबाब देतो. प्रॅक्टिकलला चारचार जणांचे गट असतात. यूटीएमवर (ताण-दाब तपासायच्या मशीनवर) एमएसचा रॉड ताणून तोडायचा प्रयोग घ्या. मशीनच्या व्हॉल्व्हपाशी एक मुलगा, रॉडपाशी दुसरा, वही घेऊन मुलगी आणि चौथा मोबाइलवर. (या चौथ्याबद्दल कुणी कधी म्हणत नाही की मुलांना प्रॅक्टिकल जमत नाही.) ही वाटणी मी कधी केली नाही. त्यांची ती आपोआप होते, आणि मी इतकी वर्षं शांतपणे सह्या करत राहिलो.

तीन वर्षांपूर्वी नियम केला: वही फिरती. दर प्रॅक्टिकलला रीडिंग लिहिणारा बदलणार. वाटलं होतं मुली खूश होतील. पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त तक्रारी मुलींच्याच! मुलांनी लिहिलेली रीडिंग वाचता येत नव्हती, जर्नलचे मार्क जातील ही भीती. एक जण तर केबिनमध्ये येऊन म्हणाली, "सर, मला जे चांगलं येतं ते तुम्ही काढून घेताय." माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पूर्ण आहे असं नाही.

दुसरं, ओरल. 'मुलींना ओरलला मार्क फुकट मिळतात' ही बोंब प्रत्येक बॅचला असते. एकदा मी स्वतःवरच लक्ष ठेवलं. मुलगी समोर आली की माझ्या तोंडून निघायचं, "बर्नुलीचं समीकरण लिही." मुलगा आला की, "पाइप मध्येच निमुळता केला तर दाबाचं काय होईल?" पाठ केलेलं तिला धडाधड येणार, मार्कही चांगले पडणार. म्हणजे बोंब अगदीच खोटी नाही. फक्त सोपा प्रश्न तिने मागितला नव्हता, मी दिला होता. आणि वर मीच स्टाफरूममध्ये म्हणायचो की मुली घोकंपट्टी करतात.

निवांत_पोपट | सोमवार, सकाळी ८:०५

दोघांचंही लिखाण छान. पण कटू बोलतो, राग मानू नका. माझ्या मुलाला हवं ते कॉलेज थोडक्यात हुकलं. त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलीला 'एल'मधून, म्हणजे मुलींच्या राखीव जागेतून मिळालं. मग मुलं वर्गात थोडं चिडवणारच ना? आधी लेडीज सीट घ्यायची आणि नंतर बरोबरीची भाषा.

मिसळीला_पाव_जास्त | सोमवार, सकाळी ८:१२

आला, आला! पॉपकॉर्न घेऊन बसतो. धागा शंभरी गाठणार.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ९:५०

पोपटराव, रागावत नाही, पण दोन गोष्टी एकत्र कालवू नका.

राज्याच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, त्या प्रत्येक प्रवर्गाच्या आत. तिथे तुमच्या मुलाचा मुद्दा लागू होतो, नाकारत नाही. आयआयटीचं वेगळं आहे. तिथे मुली आठनऊ टक्क्यांवर अडकल्या होत्या, म्हणून २०१८पासून जादा जागा काढल्या. पहिल्या वर्षी मुलींचं प्रमाण किमान १४ टक्के व्हावं म्हणून, पुढे वाढवत २०२०पर्यंत २०. त्या मूळ जागांच्या वरच्या होत्या. एकाही मुलाची सीट त्यासाठी कमी केली नाही. तरी चिडवणं तिथेही तेच आहे म्हणतात, म्हणजे चिडवण्याचं कारण हुकलेली सीट नसावी.

आता माझ्या वर्गातलं. आमच्या बॅचला पहिली आलेली मुलगी जनरलमधून आत आली होती. आत्ताच्या भाषेत जी यादी, एल नाही. चार वर्षं तिला हॉस्टेलवर 'एल-बाई' म्हणत. अॅलॉटमेंटची यादी नोटीसबोर्डावर लागली होती. कुणीही जाऊन बघू शकला असता. एकही गेला नाही, मीसुद्धा.

निवांत_पोपट | सोमवार, सकाळी १०:०२

आयआयटीचं माहीत नव्हतं. मुलाचं दुःख आहे ते आहे.

केटी_किंग | सोमवार, दुपारी १:३०

मी सध्या टीई मेक, म्हणजे मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, आणि अशाच एका टीमचा कॅप्टन. (बारातेरा काकू, तुमच्या लेकीचा नाही, देवाशपथ!) आमची बाजू ऐका.

आमच्याकडे २४ जण, त्यात ३ मुली. गाडी दिवसा बनतच नाही. दिवसा लेक्चर, सबमिशन. वर्कशॉप संध्याकाळी सहाला आमच्या ताब्यात येतं आणि रोल केजचं (चालकाभोवतीच्या पाइपांच्या सांगाड्याचं) वेल्डिंग रात्री दोनतीनला संपतं. मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद. मुलांच्या हॉस्टेलला गेट आहे, पण ते कधी लागलेलं मी पाहिलं नाही. मग जे काम खोलीत बसून लॅपटॉपवर होईल ते मुलींकडे जातं. मनात काही नसतं हो. डेडलाइन असते.

आणि एक खरं सांगू? गेल्या वर्षी एका मुलीने सस्पेन्शन मागितलं होतं. मी म्हटलं, जड असतं. नंतर आठवलं, आमचा सस्पेन्शन हेड पन्नास किलोचा आहे, वारा आला की त्याला धरावं लागतं.

पगारपत्रक | सोमवार, दुपारी ३:१५

केटी_किंग, प्रामाणिक लिहिलंस. साडेनऊचं गेट वाचून माझा जुना धंदा आठवला. मी कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये होते. १९४८च्या फॅक्टरी अॅक्टचं कलम ६६, बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवायचं नाही. कलम २२, चालू यंत्राच्या फिरत्या भागांना तेलपाणी करायला बाई चालणार नाही. त्याच वाक्यात कोवळ्या वयाची पोरंही होती, म्हणजे आपण आणि ती एका पंक्तीला. हेतू संरक्षणाचाच होता. पण शिफ्ट इंजिनियर घ्यायचा तर रात्रपाळी करणारा लागतो, म्हणून मॅनेजर अर्ज बघतानाच मुलीचा कागद खाली सरकवायचे. पुढे संमती आणि ने-आणीच्या सोयीच्या अटीवर नियम सैल होत गेले. तोवर हॉस्टेलचं गेट आणि कारखान्याचं गेट एकाच घड्याळावर चालायचं.

चंद्रपूरकर | सोमवार, संध्याकाळी ६:४०

आमच्याकडे तर त्याहून भारी. १९५२चा खाण कायदा बाईला जमिनीखाली उतरूच द्यायचा नाही. २०१९मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी, तिची लेखी संमती घेऊन आणि दिवसाच्या वेळेत, परवानगी मिळाली. त्याआधी मायनिंग घेतलेल्या मुलीला सगळे विचारायचे, खाणीत तर जाता येत नाही, मग शिकतेस कशाला? अन् कायद्याला कोणी विचारत नव्हतं का बाबा, ती शिकली तरी तू का उतरू देत नाहीस? आता वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये) पोरी हेल्मेटला दिवा लावून जाताना दिसल्या की आमचे जुने मायनिंग सरदार म्हणतात, "खाणीत बाई आली की देवी कोपते." आजवर कोपली नाही. छत कोसळायचं ते रूफ बोल्ट नीट न मारल्यानेच कोसळतं.

जुना_ओव्हरसियर | सोमवार, रात्री ९:१०

मी सत्तरीतला माणूस, सिव्हिलचा. थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या घरातला आहे.

कमला भागवत, म्हणजे आपल्या लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३मध्ये मुंबईहून बीएस्सी होऊन बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजच्या आयआयएस्सीत) अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संचालक सर सी. व्ही. रामन. बाई म्हणून नकार. कमलाबाई जाऊन ठाण मांडून बसल्या. मग प्रवेश दिला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. त्या तिसऱ्या अटीकडे नीट बघा. चित्त विचलित होणार पुरुषांचं, हमी लिहून द्यायची बाईंनी! वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांनी पुढच्या मुलींना दार उघडलं. १९३९मध्ये कमलाबाई केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो.

आणि मद्रासच्या ए. ललिता. अठराव्या वर्षी विधवा, पदरात तान्ही मुलगी. वडील गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्राध्यापक, त्यांनी तिथेच १९४०मध्ये इलेक्ट्रिकलला घातलं. पदवीच्या छापील कागदावर 'तो' असंच होतं, ते खोडून हाताने 'ती' लिहावं लागलं. पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामात या बाईंचा हात होता.

आता माझं. आमच्या वर्गात एकच मुलगी होती. ती आत आली की आम्ही साठ जण बाकं वाजवायचो. रोज. कौतुक म्हणून, असं आम्ही स्वतःला सांगायचो. ती पहिल्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसायची आणि चार वर्षांत तिने एकदाही प्रश्न विचारला नाही. प्राध्यापक म्हणायचे, बाईमाणूस, लाजाळू. परवा बॅचच्या गेटटुगेदरला भेटली. पाटबंधाऱ्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाली, एकटी बोलत होती आणि आम्ही ऐकत होतो. मी बाकांचा विषय काढला. म्हणाली, "अजून कुणी टेबलावर बोटं वाजवली तरी मी बोलायची थांबते."

बारातेरा | सोमवार, रात्री ९:४८

काका, काय लिहू यावर. वाचलं, एवढंच.

शाईचा_डाग | मंगळवार, सकाळी ७:२०

थोडा विरोधी सूर लावते. मला रिपोर्ट लिहायला आवडायचं, आवडतं. मी आज वाहनांच्या मान्यतेच्या कामात आहे. नवं मॉडेल रस्त्यावर यायच्या आधी ब्रेकपासून आरशापर्यंत प्रत्येक चाचणीचा कागद नियमात बसवावा लागतो. एक आकडा चुकला तर गाडी अडकते. हे इंजिनियरिंग नाही का? धाग्यात सगळे असं बोलताहेत की पाना हातात घेतला तो खरा इंजिनियर आणि रिपोर्टवाली म्हणजे धुणीभांडी. हा पण साचाच झाला. मुलीने मुलांसारखे हात काळे करून दाखवले तरच तिला मोजायचं.

खडूचं_बोट सर, तुमच्या केबिनमध्ये आलेली ती मुलगी मीच असू शकले असते.

बारातेरा | मंगळवार, सकाळी ८:५५

पटलं, आणि टोचलंही. मीच धुणीभांडी या सुरात लिहिलं होतं.

पण एक विचारते. तुम्ही तो आकडा चुकलाय हे ओळखता, कारण ब्रेकची चाचणी कधीतरी डोळ्यांनी पाहिली असेल? लेकीचा कॉस्ट रिपोर्ट मी काल चाळला. त्यात नकल (knuckle, चाक ज्यावर बसतं तो भाग) मशीनिंगचा वेळ लिहिलाय. ती नकल तिने हातात घेतलेली नाही. आकडा कुठून आणलास, तर म्हणाली, मुलांनी सांगितला. तो निम्म्याहून कमी आहे, मी अशा पार्टवर आयुष्य काढलंय.

शाईचा_डाग | मंगळवार, सकाळी ९:१५

पाहिली. ट्रॅकवर उन्हात उभी राहून पाहिली. मुद्दा घेतला. तो आकडा आधी दुरुस्त करायला सांगा, परीक्षक नेमके तिथेच पकडतात.

ऱ्हाइनकाठी | मंगळवार, दुपारी ४:०५

इकडे जर्मनीत आहे, कॉम्प्युटरवाली. एक गंमत सांगते. बारावीनंतर मला मेकॅनिकल हवं होतं. आत्याने सांगितलं, "मुलीच्या जातीला कॉम्प्युटर बरं. एसीत बसायचं, उन्हातान्हात जायला नको, लग्नानंतर घरूनही करता येतं." आमच्या वर्गात मुली जवळजवळ निम्म्या होत्या. इकडे आले तर ऑफिसात मी एकटी, आणि कलीगने कौतुकाने विचारलं की इतक्या पुरुषी विषयाकडे तू कशी वळलीस? मी आत्याचं म्हणणं सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

तीच शाखा, तेच कोडिंग. तिथे मुलींचा स्वभाव त्याला अनुकूल, इथे प्रतिकूल. स्वभाव विमानात बदलला बहुतेक.

रच्याकने (बाय द वे), १९४५-४६च्या एनियाक या सुरुवातीच्या संगणकावर प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहाही जणी बायकाच होत्या. तेव्हा ते काम कारकुनी समजत.

मिसळीला_पाव_जास्त | मंगळवार, दुपारी ४:३०

मी पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण भांडण होईचना. निषेध! (हलके घ्या.) अवांतर: माझी बायको इन्स्ट्रुमेंटेशनची. घरचा गीझर, मिक्सर, इन्व्हर्टर तीच उघडते. इलेक्ट्रिशियन आला की बोलतो मात्र माझ्याशी. मी मान डोलावतो. तो गेल्यावर ती विचारते, काय म्हणाला?

बारातेरा | गुरुवार, रात्री १०:१५

ताजी खबर. हा धागा लेकीला वाचायला दिला. आधी वैतागली, "माझं सगळं नेटवर टाकलंस!" मग बराच वेळ वाचत बसली. परत जाऊन कॅप्टनशी बोलली. भांडली नाही, असं ती म्हणते. एवढंच सांगितलं की रिपोर्ट मी करते, पण ब्रेक्सही मला हवेत, आणि नकलचा वेळ स्टॉपवॉच लावून मोजणार. तो म्हणाला, "अगं मग आधी बोलायचं ना, मला वाटलं तुला नको असेल." तिला मागच्या ब्रेकचं कॅलिपर उघडायला दिलंय. गेटसाठी वॉर्डनकडे अर्ज केलाय, त्यावर अजून सही नाही. सर, तुम्ही म्हणालात तसं तिने टीममध्ये फिरती वही सुचवली, ती एकमताने नामंजूर झाली.

आता खरी अडचण. सेफ्टी शूजशिवाय वर्कशॉपमध्ये घेत नाहीत. टीमने घाऊक मागवलेत, सात ते दहा नंबर. हिचा पाय चार नंबर. दोन दिवस टीममधल्या एका मुलाचे आठ नंबर दोन जोड मोजे घालून वापरले, काल जिन्यात पडली. ऑनलाइन मिळताहेत ते बघून भरवसा वाटत नाही. पुण्यात चार नंबर कुठे मिळेल?

केटी_किंग | गुरुवार, रात्री १०:२२

काकू, आमच्या तिघींपैकी एक रोज फ्लोटर घालून यायची आणि मी तिला दारातून परत पाठवायचो. नंबर विचारायचं सुचलंच नाही कधी. उद्या विचारतो.

पगारपत्रक | गुरुवार, रात्री १०:५०

रविवार पेठेत बोहरी आळी. हातमोजे, गॉगल, हेल्मेट टांगलेली दुकानं आहेत तिथे. पुढच्या फळीवर लहान नंबर नसतात, मागच्या माळ्यावरून काढून देतात. मुंबईत असाल तर नागदेवी.

आणि एक. दुकानात 'लेडीज' म्हणू नका. लेडीज म्हटलं की गुलाबी पट्टीचे, नाजूक काहीतरी पुढे करतात आणि आत स्टीलची टोपीच नसते. नुसतं 'चार नंबर' म्हणा. मग विचारेल, मुलगा केवढा आहे? काहीही वय सांगा आणि बुटाचं पुढचं टोक दाबून टोपी आहे की नाही ते तिथेच बघून घ्या.

बारातेरा | गुरुवार, रात्री ११:०४

शनिवारी जाते. कॅप्टनला सांगून बाकीच्या मुलींचे नंबरही लिहून आणायला सांगते तिला, एका फेरीत होईल.